पाहा : मासातेक

कोशात एकदा नोंदलं गेलेलं ज्ञान हरवत नाही. हे वाक्य आमच्या प्रमुख संपादकांचं. प्रत्येक खंडाच्या प्रकाशन समारंभात खांद्यावर शाल पडली की ते हे म्हणायचे आणि आम्ही सहायक संपादक तिसऱ्या रांगेत बसून माना हलवायचो. पुढे ते गेले, कोश ‘फ’ या अक्षरापाशी येऊन थांबला, मी निवृत्त झाले, तरी वाक्य माझ्याकडे राहिलं. शाळा-कॉलेजांत व्याख्यानाला बोलावलं की मीही ते वापरायची. शाल मला क्वचितच मिळाली, बहुतेक वेळा श्रीफळावर भागवलं जायचं. पण वाक्यात काही खोट आहे असं आयर्लंडला जाईपर्यंत मला कधी वाटलं नव्हतं.

चेरीवूड

२०२०च्या फेब्रुवारीअखेर मी सहा आठवड्यांसाठी लेकीकडे गेले. मृणाल आणि जावई अनिकेत दोघंही सॉफ्टवेअरमधले. राहायला चेरीवूडला, म्हणजे डब्लिनच्या दक्षिणेला, जिथे काचेची ऑफिसं आहेत आणि ऑफिसांच्या पलीकडे आणखी काचेची ऑफिसं. मी पोचले आणि काही दिवसांतच देश बंद झाला. ऑफिसं रिकामी, लुआस नावाची त्यांची ट्राम रिकामी, आणि आमच्या दोन खोल्यांत चार माणसं व तीन व्हिडिओ मीटिंगा. नऊ वर्षांची नात इरा मराठी सगळं समजते पण उत्तर इंग्रजीत देते, तेही तिथल्या हेलात. “इरा, पोळी खाल्लीस का?” असं विचारलं की “आय डिड, आजी, इट वॉज ग्रँड” असं उत्तर यायचं. तिकडे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे ठीक आहे, आता विषय बदला.

सरकारने आधी घरापासून दोन किलोमीटर फिरायची परवानगी दिली, मग पाच, मग वीस. मी पुण्याच्या पेठेत वाढलेली, मला वीस किलोमीटर म्हणजे परगाव. पण जूनअखेर जिल्ह्याबाहेर जायला मुभा मिळाली आणि अनिकेतने आणखी चार दिवसांनी लॅपटॉप मिटला. तो नागपूरचा आहे. “आई, चला ना बाप्पा, मेयोला जाऊ. मस्त घर भेटून राहिलं तिथं. चार दिवस कोणाचं तोंड पाहायचं नाही.”

शेवटचा मुद्दा मला पटला.

मेयो

मेयो हा अगदी पश्चिमेकडचा जिल्हा. कासलबार हे तिथलं मुख्य गाव, आणि आमचं घर गावापासून दहा-बारा मिनिटांवर, शेतात. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं एकच : साडेतीन तासांत एकदाही हॉर्न ऐकला नाही. पाऊस पडत नव्हता, हवेत नुसता उभा होता. दगडी बांधांमागे मेंढ्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या किंवा लाल रंगाचा पट्टा, कुणाची कोण ते ओळखायला. मला ते गमतीचं वाटलं. माणसांच्या बाबतीत तेवढीही काळजी घेतली जात नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

घराचा मालक दारात उभा होता. बुटका, रुंद खांद्यांचा, चाळिशीच्या अलीकडचा. मी मनातल्या मनात त्याला नेपाळी ठरवून टाकलं. नाव एलियास निघालं आणि गाव मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातल्या डोंगरात. त्याची बायको नोरा मेयोचीच, शाळेत शिकवणारी. दोघं आणि त्यांचं तान्हं बाळ शेजारच्या घरात राहत होती आणि हे घर पाहुण्यांना देत होती.

संध्याकाळी अंगणात लांब टेबल मांडलं. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला आम्ही, मध्ये नियमाचे दोन मीटर. एलियासने शेंगदाण्याएवढ्या काळ्या घेवड्याची उसळ आणली होती. मी पुण्याहून नेलेल्या ज्वारीच्या पिठाच्या शेवटच्या भाकऱ्या थापल्या होत्या. त्याने भाकरी उचलली, मोडली, आधी वास घेतला.

“हातावर थापली?”

“मग काय पायावर?” मी म्हणाले. मृणालने भाषांतर करताना हे वगळलं.

“आमच्याकडे मक्याची. माझी आई हातावरच करायची,” तो म्हणाला. “वडिलांना ही दाखवायला पाहिजे होती.”

मी विचारलं, घरी स्पॅनिश बोलायचात का. तो म्हणाला, स्पॅनिश शाळेत मारून मारून शिकवली. घरी मासातेक.

मी हातातला पेला खाली ठेवला. “ओटोमांगे कुल. पोपोलोकी शाखा,” मी म्हणाले.

परक्या बाईने आपली जन्मपत्रिका वाचून दाखवावी तसा तो बघत राहिला.

त्याचं असं आहे की ओटोमांगे भाषाकुलावरची कोशातली नोंद माझी आहे. खंड दुसरा, अक्षर ओ. चार इंग्रजी ग्रंथ समोर घेऊन मी ती तीन आठवड्यांत लिहिली होती, त्यातल्या एकाही भाषेतला एकही शब्द कानांनी न ऐकता. पण शाखा मला अजून पाठ आहेत. उत्तरेला ओटोमी, मासावा, पामे यांची एक शाखा. मग चिनांतेक. सापोतेक आणि चातिनो यांची एक. मिश्तेक, कुइकातेक आणि त्रिकी यांची एक. आमुस्गो एकटीच. तलापानेक आणि मांगे यांची एक. आणि पोपोलोकी, जिच्यात पोपोलोका, चोचो, इश्कातेक आणि मासातेक. बहुतेक सगळ्या मेक्सिकोत. फक्त मांगे खाली निकाराग्वापर्यंत गेली आणि तिथेच संपली. म्हणजे कुळाच्या नावातला पहिला अर्धा भाग जिवंत भाषेचा आणि दुसरा मेलेल्या भाषेचा. आपल्याकडे बंगल्यांना नावं याच पद्धतीने ठेवतात. या भाषांत सुराला अक्षराइतकंच वजन असतं. तोच उच्चार वरच्या सुरात केला तर एक शब्द, खालच्या सुरात केला तर दुसरा.

हे सगळं मी सांगितलं. एलियासने सभ्यपणे ऐकून घेतलं आणि मग एकेक वीट काढायला सुरुवात केली. मासातेक हे त्यांचं नाव नाही, शेजाऱ्यांनी ठेवलेलं आहे, ‘हरणांच्या मुलखातले’ अशा अर्थाचं. ती एक भाषाही नाही. “दरीपलीकडच्या गावातला माणूस बोलला तर मला अर्धं कळतं. सेन्योरा, तुमच्या पुस्तकात किती लिहिल्यात?”

“एक,” मी म्हणाले.

“इट्स ग्रँड, आजी,” इराने माझी समजूत घातली.

मग मी विचारलं, वडील कुठे असतात. नोरा बाळाला घेऊन आत गेली.

वडिलांचं नाव फिदेन्सिओ. वय पंचाहत्तरच्या पुढे, नक्की त्यांनाही माहीत नाही. नातवाच्या बारशाला फेब्रुवारीत आले, माझ्यासारखेच, आणि माझ्यासारखेच अडकले. एप्रिलमध्ये ओल्या पायरीवरून घसरून खुब्याचं हाड मोडलं. हाड नीट बसवलं गेलं, त्याबद्दल एलियासची काही तक्रार नव्हती. नंतर चालायला लागेपर्यंत त्यांना एका खाजगी नर्सिंग होममध्ये ठेवलं. आपण नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल समजतो, तिकडे ते म्हाताऱ्या माणसांना ठेवण्याचं ठिकाण असतं. तिथे एक रुग्ण सापडला, भेटी बंद झाल्या. म्हातारबुवा एकटे पडले. त्यांना स्पॅनिश बाजारापुरती येते, इंग्रजी शून्य. फोन कानाला लावला की ते एकदा ओरडतात आणि यंत्र परत देऊन टाकतात.

“मग मी गाडीतळावर उभं राहून शिट्टी वाजवली,” एलियास म्हणाला.

शिट्टी म्हणजे सिनेमागृहातली नव्हे. मासातेक पुरुष शिट्टीत बोलतात. शब्दांचे सूर तेवढे ठेवायचे आणि बाकीचं सोडून द्यायचं. दोन डोंगरांच्या मध्ये दरी असली की हाच सोयीचा मार्ग. कोण चाललंय, कुठे, पोत्यात काय आहे, भाव काय मिळाला, सगळं. बायकांना सगळं समजतं, पण त्या सहसा वाजवत नाहीत. “आमच्याकडे कुणी शिट्टीने विचारलं, ‘वाटेवर कोण आहे?’ तर उत्तर द्यायचंच. घाई असली तरी, भांडण असलं तरी. गप्प राहणं म्हणजे समोरचा मेला असं धरणं.”

“हे माझ्या नोंदीत आहे!” मी म्हणाले. मला खात्री होती.

म्हातारबुवांनी दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून उत्तर दिलं होतं. दोघं पाच मिनिटं बोलले. तिसऱ्या दिवशी एलियासला पत्र आलं : आवारात उभे राहून महिला कर्मचाऱ्यांना उद्देशून शिट्ट्या वाजवल्याची तक्रार आहे, पुन्हा झाल्यास पोलिसांना कळवू. तेव्हापासून तीन आठवडे तो फाटकाच्या आत गेला नव्हता. वडील मात्र रोज खिडकीशी बसून विचारत होते, वाटेवर कोण आहे. कुणीच उत्तर देत नव्हतं. त्यांनी जेवण कमी केलं. दुभाषा म्हणून एका कंपनीने फोनवर स्पॅनिश बोलणारा दिला. त्याने विचारलं, तुम्ही कुठे आहात ते कळतंय का? हो. मेक्सिकोत आहात का? हो. इंग्लंडात? हो. बरं वाटतंय का? हो. एलियासच्या मुलखात कचेरीत साहेबाने काही विचारलं की गावाकडची माणसं हेच करतात आणि त्यांना शहाणी म्हणतात. इथे कागदावर लिहिलं गेलं : गोंधळलेले. वर्तन : दिवसभर खिडकीशी बसून शिट्ट्या वाजवणे.

“शुक्रवारी कागदावर सही होणार,” एलियास म्हणाला. “मग त्यांना मागच्या भागात हलवतील. विसरभोळ्या लोकांच्या. तो कुलूपबंद असतो. आणि त्याच्या खिडक्या आतल्या चौकात उघडतात.”

त्याने डिश गोळा करायला घेतल्या. मी त्या रात्री एकही नोंद आठवायचा प्रयत्न केला नाही. मला फार राग आला होता.

बुधवार

सकाळी मी म्हणाले, मला तिथे जायचंय.

“आई, प्लीज,” मृणाल म्हणाली, “आपण सुट्टीवर आलोय. इथे जाऊन भांडू नकोस.”

“मी भांडत नाही. मी संदर्भ देते.”

“तेच ते.”

अनिकेतने गाडी काढली. एलियास मागे बसला, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून. वाटेत मी एका ठिकाणी दृश्य पाहायला उतरले आणि हिरवळ समजून ज्यावर पाय ठेवला ती हिरवळ नव्हती. डावा पाय पोटरीपर्यंत दलदलीत गेला. पाय परत आला, बूट आला नाही. त्यामुळे आयर्लंडमधल्या माझ्या एकमेव अधिकृत मुलाखतीला मी एका पायात माझा आणि एका पायात जावयाचा बूट घालून गेले.

फाटकावर सोनेरी अक्षरांत पाटी होती : ‘इथे प्रत्येक आवाज ऐकला जातो.’ वर तेच आयरिश भाषेत. एलियास गाडीतच थांबला. व्यवस्थापिकाबाई अनिकेतला आणि मला दारातच भेटल्या, काचेच्या पडद्यामागून. नीटनेटक्या, गोड, गळ्यात किल्ल्यांची जुडी. मी बोलणं सुरू करायचं म्हणून विचारलं, वरची ओळ कशी म्हणायची. त्या हसून म्हणाल्या, शाळेत शिकले होते, आता विसरले. मृणाल बरोबर नव्हती, त्यामुळे इंग्रजी मीच बोलले. व्याकरण माझं बरं आहे, उच्चारांची जबाबदारी मी घेत नाही.

“फिदेन्सिओ ग्रँड आहेत,” त्या म्हणाल्या.

“ते गोंधळलेले नाहीत. ते बोलतायत,” मी म्हणाले. “शिट्टीत. ती भाषा आहे.”

“कुटुंबीयांना असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.”

“मी कुटुंबीय नाही. मी संपादक आहे.”

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.

मी विचारलं, मुलालाच दुभाषा म्हणून का घेत नाही? नातेवाईक चालत नाहीत, नियम आहे. मग मासातेक बोलणारा आणा. कंपनीच्या यादीत ती भाषा नाही. यादीत कोणती आहे? त्यांनी कागद पाहिला. “भाषेच्या रकान्यात मेक्सिकन लिहिलंय.” मी सांगितलं की मेक्सिकन नावाची भाषा नाही. त्या म्हणाल्या, “यादीत आहे.”

अनिकेतने फोन पुढे केला. त्याने गाडीतच चार व्हिडिओ शोधून ठेवले होते. बाईंनी हात वर केला. इंटरनेटवर काय वाटेल ते असतं. एलियासनेही दाखवला होता एक, मुलांनी केलेला. “मला छापील काहीतरी द्या. एखाद्या संदर्भग्रंथातलं. म्हणजे फाइलला लावता येईल.”

मी अशा वेळी सहसा हसत नाही. पण हसले. मी उभं आयुष्य त्या एका वाक्यासाठी घालवलं होतं. कुणीतरी, कुठेतरी, काही विचारायच्या आधी संदर्भग्रंथ मागेल म्हणून.

“शुक्रवारी देते,” मी म्हणाले.

परतताना गाडी फाटकातून निघाली आणि वरून शिट्टी आली. लांब, चढती, मग दोन तुटक सूर, शेवट उतरता. मी पहिल्यांदाच ओटोमांगे कुळातलं काहीतरी कानांनी ऐकत होते. एलियास पायांकडे बघत बसला होता.

“काय म्हणतायत?” अनिकेतने विचारलं.

“वाटेवर कोण आहे,” तो म्हणाला.

“तर देऊन टाका ना उत्तर!”

“पोलीस आले तर माझे इथे राहायचे कागद रखडतील.”

अनिकेतने गाडी पुढे काढली. त्याने स्वतः चार वर्षं तशाच कागदांची वाट पाहिली आहे.

गुरुवार

आमचे जुने मुद्रितशोधक कुलकर्णी पुण्यात टीव्हीखाली सगळे खंड ठेवून आहेत. टीव्ही त्यामुळे योग्य उंचीवर येतो. त्यांना फोन लावला.

“बाई! कुठे आहात? मेलात की काय असं वाटलं.”

“आयर्लंडात आहे. खंड दुसरा काढा.”

“टीव्ही उचलावा लागेल.”

“मग उचला.”

“मालिका चालू आहे हो. ही ओरडेल.”

“कुलकर्णी, एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“‘ओ’मध्ये?” ते म्हणाले. पण उठले.

अर्ध्या तासाने फोटो आला, कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्यासह. मी वाचायला घेतलं. शाखा सगळ्या होत्या. सूर होते. प्रदेश होता. ‘ही एक महत्त्वपूर्ण भाषासंपदा होय’ हे वाक्यही होतं, जे आम्ही प्रत्येक नोंदीत घालायचो. शिट्टी नव्हती. पुन्हा वाचलं. अंगठ्याखाली काही दडलंय का म्हणून दुसरा फोटो मागवला. नव्हती. पोपोलोकी शाखेच्या शेवटी कंसात दोनच शब्द होते : पाहा : मासातेक.

मग आठवलं. मी शिट्टीवर चांगली सहा ओळींची माहिती लिहिली होती. प्रमुख संपादकांनी ती हस्तलिखितात वाचली आणि मला बोलावून घेतलं. “बाई, हा कोश आहे. नाक्यावरची पोरं नव्हेत. एवढ्या भाषांची एवढी मोठी नोंद, आणि त्यात शिट्ट्या? विद्वान हसतील.” मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. त्याऐवजी आमच्या धंद्यातली पळवाट काढली : आत्ता वगळायचं आणि पुढच्या अक्षरावर ढकलायचं. सहा ओळी काढल्या, ‘पाहा : मासातेक’ लिहिलं, आणि ‘म’चा खंड येईल तेव्हा सविस्तर लिहू म्हणून त्या ओळींचा कागद फाइलमध्ये ठेवला. कोश ‘फ’ला थांबला. ‘म’ आलाच नाही.

म्हणजे त्या किल्ल्यांवाल्या बाईने जे केलं तेच आम्ही आधी करून ठेवलं होतं, आणि तेही शाल पांघरून. तिच्यावरचा राग मी सोडला नाही. पण त्यातला एक मोठा वाटा आता मला घरीच ठेवावा लागला.

एलियासला सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, “सेन्योरा, निदान नाव तरी लिहिलंत. इथे मेक्सिकन लिहितात.” याहून जास्त टोचणारं तो काही बोलू शकला नसता.

नोराने पान छापून दिलं. मी खाली इंग्रजी भाषांतर लिहिलं, शब्दाला शब्द. नसलेल्या सहा ओळी घालायचा मोह झाला नाही असं म्हणणार नाही. बाईंना मराठी येत नव्हती, घातल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदींतून असल्या ओळी मीच काढत आले.

शुक्रवार

पाऊस थांबला होता. अनिकेत, एलियास आणि मी फाटकाशी उभे होतो. बाई बाहेर आल्या, पान हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं. दोन स्तंभ, बारीक ठसा, वर खंडाचं नाव आणि पृष्ठक्रमांक. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

“ही फार जुनी लिपी आहे का?”

“रोज वापरतो आम्ही. पण एक सांगते. यात शिट्टीबद्दल काही नाही. होतं, पण मी ते काढलं. चूक माझी.”

“काही हरकत नाही. फाइलला लागलं म्हणजे झालं,” त्या म्हणाल्या. “पुढच्या महिन्याच्या आढाव्यात बघू. तोवर त्यांना मागच्या भागात नेऊ.”

मी आवाज चढवला. मला त्याचा खेद नाही. मी म्हणाले की तुमच्या फाटकावर सोन्याच्या अक्षरांत जे लिहिलंय ते पुसून टाका किंवा दहा मिनिटं इथे उभ्या राहा. हा माणूस तीन आठवडे तुम्हाला प्रश्न विचारतोय आणि तुम्ही तो आजार म्हणून लिहून घेताय. तुम्हीच काहीतरी विचारा. मुलाला माहीत नसेल असं. उत्तर चुकलं तर सही करा, मी स्वतः पेन देते.

अनिकेत हळूच म्हणाला, “आई, लय झालं.” पण बाजूला झाला नाही.

बाईंनी घड्याळ पाहिलं. मग खिशातून चिठ्ठी काढून त्यावर काहीतरी लिहिलं. वरच्या खोलीत केरळची एक सिस्टर होती, तिला फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. चिठ्ठीत दोन गोष्टी होत्या : टोपी काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवा. आणि काल दुपारी काय जेवलात?

एलियासने मास्क खाली केला. बोटं लावली नाहीत, नुसते ओठ. त्याची शिट्टी पाटीवरून, भिंतीवरून वर गेली. मला वाटलं होतं पक्ष्यासारखी असेल. तशी नव्हती. माणूस बोलतोय आणि शब्द तेवढे आतल्या खोलीत राहिलेत, अशी होती.

वरून काही आलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मग आली. एकच, लहानशी, शेवटी वर जाणारी. एलियासने डोळे मिटले.

“काय म्हणाले?” बाईंनी विचारलं.

“आलास का,” तो म्हणाला.

त्याने पुन्हा चिठ्ठीतलं विचारलं. आता वरून एवढी लांब शिट्टी सुरू झाली की सिस्टर फोनवर म्हणाली, “मॅडम, ही इज व्हेरी अँग्री.” अध्येमध्ये एलियास तुटक काहीतरी वाजवायचा आणि म्हातारबुवा त्याला तोडून पुढे जायचे. वडील आणि मुलगा यांच्यातलं संभाषण कोणत्याही कुळातल्या भाषेत ओळखू येतं.

“ते टोपी काढणार नाहीत,” एलियासने सांगितलं.

“म्हणजे त्यांना सूचना कळली नाही,” बाई म्हणाल्या.

“कळली. काढणार नाहीत. म्हणतात, आधी खिडकीची खालची खिटी बसवा. ती ढिली आहे. वारा थेट खुब्यावर येतो. रोज सांगतोय म्हणतात.”

बाईंनी फोनमध्ये विचारलं. सिस्टरची पावलं ऐकू आली, मग खडखड, मग तिचा आवाज. “यस मॅडम. लूज आहे. खालून पूर्ण उघडी राहते.”

किल्ल्यांची जुडी बाईंनी मुठीत धरली होती, वाजू नये म्हणून.

“आणि जेवण?”

“बटाटे,” एलियास म्हणाला. “कुस्करलेले. त्यांच्या शेजारी तळलेले बटाटे. ते विचारतायत, मी कुणाचं काय बिघडवलंय?”

बाईंनी खानसाम्याला फोन केला. मला ते उत्तर ऐकायची गरज नव्हती, मी तोवर चार महिने तिथे राहिले होते. एकाच ताटात दोन प्रकारचे बटाटे होते.

इराला हे सगळं संध्याकाळी सांगितलं. ती चक्क मराठीत म्हणाली, “आजी, ते आजोबा रागावले होते फक्त.” एका वाक्यात नोंद संपवायची कला तिला माझ्याकडून आलेली नाही.

नंतर

त्याच दुपारी खिटी बसवली गेली. सही झाली नाही. एलियासला मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धा तास शिट्टी वाजवायची लेखी परवानगी मिळाली, पाऊस नसल्यास. ऑगस्टअखेर फिदेन्सिओ काठी घेऊन घरी आले, आणि नोराने पाठवलेल्या फोटोत टोपी डोक्यावरच होती. मी पुढच्या वर्षी पुण्याला परतले तेव्हा आधी कुलकर्णींकडे गेले आणि माझ्या त्या सहा ओळींच्या कागदाचं काय झालं ते विचारलं. कार्यालय रिकामं केलं तेव्हा फाइली रद्दीत गेल्या, म्हणाले.

नर्सिंग होमने एलियासला निर्णयाची प्रत पाठवली होती, ती त्याने मला पाठवली. मागच्या भागातलं स्थलांतर रद्द. भाषा : मेक्सिकन. रद्द करण्याचं कारण : संदर्भग्रंथाचे पान मिळाले.